मुंगीचा भरलेला डबा

"डबा म्हणजे काय?" बाबांनी ओट्यावर हात आपटून विचारलं. "एक खोकं! आणि खोकं भरण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय."

समोर श्रोते दोनच. एक थोरली, जी नववीत होती आणि तोंडात ब्रश असल्यामुळे तिला हरकत घेता येत नव्हती. दुसरी मुंगी, जी पहिलीत होती आणि बाबा जे म्हणतील त्याला मान डोलावणं हेच आपलं काम समजत होती.

बाबा काचेच्या कारखान्यात पॅकिंग खात्याचे मुकादम होते. बरण्या, पेले, दिव्यांच्या हंड्या, सगळं त्यांच्या हाताखालून बाहेर जायचं. त्यांनी भरलेलं खोकं जिन्यावरून गडगडत खाली गेलं तरी आतल्या पेल्याची म्हणे झोपमोड होत नसे. त्यांचा सिद्धांत साधा होता. वस्तू फुटते ती धक्क्याने नाही, पोकळीने. पोकळी ठेवायची नाही. खोकं कानाशी धरून हलवायचं, आतून आवाज आला की उघडायचं आणि पुन्हा भरायचं.

हा सिद्धांत आता डब्याला लागू झाला होता. आई चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. डोळे तपासण्याचा वर्षभराचा कोर्स करायला ती लांबच्या शहरात गेली आणि डब्याचं खातं बाबांकडे आलं. जाताना तिने सांगितलं होतं, "पौष्टिक द्या, परवडेल ते द्या, आणि पोरींच्या पोटात जातंय का ते बघा."

परवडण्यासाठी बाबा बाजार उठायच्या वेळेला जायचे. त्या वेळेला गाजरं स्वस्त मिळायची, पण वाकडी. आता वाकडं गाजर खायला काही वाईट नसतं, पण पॅकिंगच्या दृष्टीने ते म्हणजे साक्षात संकट. ते कशालाच टेकत नाही! बाबा एकेका गाजराला सगळ्या बाजूंनी बघायचे, मोजून-मापून कापायचे, मधोमध उकडलेला बटाटा बसवायचे, भोवती गाजरांचं कुंपण घालायचे, बटाटा आणि कुंपण यांच्यामध्ये अंड्याच्या फोडी दडपायचे आणि उरलेल्या फटींत एकेक शेंगदाणा बोटाने ठोकून बसवायचे. मग डबा कानाशी. आवाज नाही. मग झाकण.

झाकणाबद्दल थोडं सांगायला हवं. मुंगीचा डबा नवा होता, स्टीलचा, आतून रबराची रिंग आणि वर फिरवून लावायचं झाकण. थोरलीच्या डब्याचं झाकण जुनं आणि ढिलं असल्यामुळे बाबांनी त्याला सुतळीची गाठ मारून दिली होती. ती गाठ ती दातांनी सोडायची आणि मैत्रिणी दरवेळी टाळ्या वाजवायच्या. मुंगीच्या डब्याला सुतळीची गरज नव्हती. बाबा ते झाकण फिरवायचे, मग डबा छातीशी धरून आणखी एक पीळ द्यायचे आणि म्हणायचे, "बघ मुंगे, पॅकिंग बघ! नदीत टाकला तर समुद्रात निघेल, पण थेंब आत जाणार नाही."

मुंगी मान डोलवायची.

आणि संध्याकाळी डबा घरी यायचा. जसा गेला तसा. भरलेला.

पहिल्या दिवशी बाबांना वाटलं, नवीन आहे, सवय होईल. मग वाटलं, बटाटा आवडत नसेल, म्हणून मधोमध भाताचा गोळा बसवला. भात परत आला. पाव बसवला, पाव परत आला. मोड आलेली कडधान्यं दिली, तर त्यांचे मोड दिवसभरात आणखी लांब होऊन परत आले. संध्याकाळी बाबा स्वतः झाकण उघडायचे, अंगठ्याचा एक दाब आणि एक झटका, वर्षानुवर्षांचा सराव, आणि आतलं ते जागच्या जागी बसलेलं जेवण बघून त्यांना एकाच वेळी अभिमान आणि दुःख दोन्ही व्हायचं.

"एक दाणा हलला नाही," ते पुटपुटायचे. मग आठवायचं की हलायला हवा होता.

"मुंगे, का नाही खाल्लंस?"

"जेवले मी."

"मग हे काय आहे?"

"हा डबा आहे," मुंगी शांतपणे सांगायची आणि खेळायला पळायची.

पोरगी तोंडावर खोटं बोलते, हा घाव वेगळाच. त्यात रोज संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल. आई 'कशी आहेस' वगैरे नंतर विचारायची, आधी म्हणायची, "डबा दाखवा."

बाबा डबा दाखवायचे खरे, पण असा तिरका धरून की पडद्यावर फक्त त्याचं बूड दिसावं.

"अहो, बूड काय दाखवता? तोंड दाखवा त्याचं."

"नेटवर्क जरा..."

"नेटवर्कला काय झालंय? मला तुमच्या मागच्या कॅलेंडरवरच्या तारखा दिसतायत. आज पण नाही ना खाल्लं तिने?"

डोळे तपासायला शिकणाऱ्या बाईपासून काही लपवायचं म्हणजे अवघडच. थोरली फोनच्या कडेला टेकून बसायची आणि आईच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या मागची खोली बघायची. एक खाट, एक खिडकी, खिळ्याला अडकवलेली ती ओळखीची पर्स. आईचं नाही, पर्सचं एवढं का वाईट वाटावं हे तिचं तिलाही कळत नव्हतं. इथे असताना ती पर्स दाराच्या मागे असायची, आणि शाळेतून आल्यावर दार लावताना हाताला लागली की समजायचं, आई घरात आहे. आता दार नुसतंच लागायचं.

भरलेला डबा परत येतो ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. भिंती पातळ होत्या आणि शेजारच्या काकूंचे कान जाड नव्हते.

"भाऊजी, पोरांना रंग लागतो, आकार लागतो," काकू दारातूनच सुरू झाल्या. "माझा भाचा तर जेवायलाच तयार नसायचा. त्याला अंड्याला डोळे-तोंड काढून दिलं, तर सपासप!"

"वहिनी, माझ्या पॅकिंगमध्ये डोळे-तोंड..."

"तुमचं पॅकिंग ठेवा कारखान्यात. पोरगी वाळत चाललीय!"

दुसऱ्या दिवशी बाबांनी अंड्याला मिऱ्यांचे डोळे लावले, टोमॅटोच्या सालीचं हसरं तोंड केलं, गाजराची फुलं कापली. फुलं कापताना अंगठ्याचा तुकडाही जरासा कापला. आणि मग, पोकळी राहू नये म्हणून, त्या हसऱ्या अंड्याभोवती सगळीकडून वाटाणे दाबले. संध्याकाळी झाकण उघडलं तेव्हा अंडं आतून रागाने बघत होतं. एक डोळा सरकला होता, हसू उलटं झालं होतं. ते अंडं रात्री जेवताना थोरलीच्या ताटात आलं. कारण बाबांचा दुसरा सिद्धांत होता, अन्न टाकायचं नाही. गेले कित्येक दिवस बाप-लेकींचं रात्रीचं जेवण म्हणजे मुंगीचा सकाळचा डबा. "हे माझ्याकडे असं का बघतंय?" थोरली म्हणाली. बाबांनी ते अंडं स्वतःकडे घेतलं आणि डोळे मिटून खाल्लं.

तिसऱ्या मजल्यावर कंपाउंडर राहायचे. दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर ते स्वतःला डॉक्टरच समजत, आणि त्यांच्यासमोर आपण आजारी नाही असं म्हणणं हा उद्धटपणा मानला जाई. त्यांनी मुंगीला बोलावलं, जीभ बघितली, पापणी खाली ओढली आणि वजनकाट्यावर उभं केलं. काटा बघून त्यांनी खाली वाकून तो पुन्हा एकदा बघितला.

"वजन वाढलंय," ते म्हणाले.

"वाढलंय?" बाबांचा चेहरा उजळला.

"जेवत नाही आणि वजन वाढतंय. म्हणजे सूज." कंपाउंडरांनी चष्मा पुसला. "नाहीतर हवा धरली असेल."

बाबांचा चेहरा पुन्हा विझला. मुंगी काट्यावरून उतरली, पुन्हा चढली, कारण तिला तो काटा फिरताना बघायला मजा येत होती. हवा धरलेल्या मुलीसारखी ती मुळीच दिसत नव्हती.

सूज हा शब्द फोनवरून आईपर्यंत पोहोचला. कुणी पोहोचवला ते कळलं नाही, पण काकूंकडे आईचा नंबर होता. त्या संध्याकाळी आईने डबा दाखवा असं म्हटलंच नाही.

"मी शनिवारी येते," ती म्हणाली. "सामान घेऊनच येते."

"अगं, पण कोर्स?"

"कोर्स बघू पुढच्या वर्षी. नाहीतर नाही. पोरगी उपाशी ठेवून मला लोकांचे डोळे तपासायचे नाहीत. या आठवड्यात एक दिवस जरी डबा संपला तर कळवा. नाहीतर शनिवारी सकाळी मी दारात."

बाबा खुर्चीत बसले ते बसलेच. आणि थोरली? थोरली बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि आरशासमोर आवाज न करता नाचली.

आई येणार! कायमची! तिने आरशाला जीभ दाखवली. मग लगेच तिला स्वतःची जरा लाज वाटली, म्हणून जीभ आत घेतली. पण आनंद काही आत जाईना. दुसऱ्या दिवशी तिने कपाटाचा आईचा कप्पा पुसून काढला. दाराच्या मागचा खिळा ढिला झाला होता तो लाटण्याने ठोकून घट्ट केला. सगळी तयारी झाली. फक्त एक भीती होती. मुंगीने नेमका याच आठवड्यात डबा खाल्ला तर?

म्हणून थोरलीने ठरवलं, स्वतः जाऊन बघायचं. मुंगी मधल्या सुट्टीत जेवत नाही हे आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि आईला ठासून सांगायचं, म्हणजे तिचं मन ऐनवेळी बदलायला नको.

पण लहान मुलांच्या विभागात मोठ्या मुलींनी मधल्या सुट्टीत जायचं नाही असा नियम होता. ऑफिसातल्या बाईंनी खिडकीतून एक कागद सरकवला. "कारणावर खूण कर."

कागदावर कारणं तीनच होती. आजारपण, हरवलेली वस्तू, वाढदिवस.

"बाई, माझं चौथं आहे. बहीण जेवते का ते बघायचंय."

"चौथं नाहीये."

"मग खाली लिहू?"

"खाली लिहायला जागा नाहीये. आजारपण केलंस तर डॉक्टरांचं पत्र लागेल. हरवलेली वस्तू केलीस तर वस्तू काय ते सांगावं लागेल."

थोरलीने वाढदिवसावर खूण केली. जगात कुठल्याही ऑफिसात सर्वात कमी प्रश्न वाढदिवसाला विचारतात, असा तिचा अंदाज होता. अंदाज बरोबर होता. प्रश्न कुणी विचारला नाही. फक्त ती वर्गाच्या दारात पोहोचायच्या आत शिपाई आतल्या बाईंना सांगून आला होता, आणि दार उघडल्याबरोबर सगळा वर्ग टाळ्या वाजवून वाढदिवसाचं गाणं म्हणायला लागला.

सगळ्यात मोठ्याने मुंगी म्हणत होती. कुणाचा आहे याची चौकशी न करता.

"हिचाच!" बाई हसत म्हणाल्या. मुंगीने अत्यंत आनंदाने आश्चर्य व्यक्त केलं. "आणि ताईने खाऊ काय आणलाय?"

थोरलीने खिसा चाचपला. खिशात खोडरबर होतं. "खाऊ... संध्याकाळी," ती म्हणाली आणि मागच्या बाकावर जाऊन अंग चोरून बसली. आपल्याला नववीतलं कुणी बघत नाही ना, एवढंच तिने पुन्हा पुन्हा तपासलं.

"चला, डबे काढा," बाई म्हणाल्या. "आपला नियम काय?"

"आपला डबा आपण उघडायचा!" वर्ग ओरडला.

"कारण?"

"आपण मोठे झालो!"

सगळीकडून खटाखट डबे उघडले. मुंगीने आपला डबा काढला. दोन गुडघ्यांत धरला. दोन्ही हातांनी झाकण फिरवलं. मग ओढलं. मग डबा पोटाशी धरून सगळं अंग वाकडं करून एक पीळ दिला, चेहरा लालबुंद, गाल फुगलेले, समोरचे दोन दात पडलेल्या खिडकीतून जीभ बाहेर. झाकण जागचं हललं नाही. मुंगीला त्याचं काही वाटलं नाही. रोजची प्रार्थना म्हणून झाल्यासारखा तिने डबा दप्तरात परत ठेवला, दप्तरातून फक्त चमचा काढला आणि उठली.

मग तिची फेरी सुरू झाली. या बाकावर एक घास, त्या बाकावर एक घास. मुलं न सांगता डबे पुढे करत होती. एकीने तर तिच्यासाठी कोपऱ्यात वेगळं काढून ठेवलं होतं. फिरत फिरत मुंगी शेवटच्या बाकापाशी आली, भरल्या तोंडाने.

"ताई, तू या आईचं खा," तिने एका मुलाच्या डब्याकडे चमचा दाखवला. "ही आई मऊ करते. त्या खिडकीतल्या मुलीची आई तिखट करते, पण सोमवारी नाही करत. आणि ही आई आहे ना, आज घाईत होती, मीठ विसरली."

थोरलीने तिचा चमचा धरून ठेवला.

"तू रोज सगळ्या आयांचं खातेस?"

"हो. आपली नाहीये ना इथे," मुंगी म्हणाली, जशी कुणी म्हणेल की आज पेन्सिल नाहीये, तुझी दे.

"मग बाबांना सांगितलं का नाहीस, झाकण उघडत नाही म्हणून?"

मुंगीने घास गिळला. "बाबा म्हणतात, माझं पॅकिंग कुणाच्याने उघडत नाही. तेव्हा ते किती खूश असतात! आई गेल्यावर ते फक्त तेव्हाच खूश असतात."

घंटा झाली. थोरली आपल्या वर्गात परत गेली आणि पुढचा सगळा भूगोल तिच्या डोक्यावरून गेला.

आता बघा, तिला काहीच करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, लपवालपवी करायची नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की शनिवारी आई दारात. आणि गप्प बसणं ही गोष्ट थोरलीला आयुष्यात कधी जमली नव्हती, पण या कामासाठी तिने जमवली. बुधवार गेला, गुरुवार गेला. दोन्ही दिवस डबा भरलेला आला. दोन्ही दिवस ती आईच्या चेहऱ्याकडे न बघता पर्सकडे बघत राहिली.

गुरुवारी संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात भोपळा चिरत होते. शेवटचा प्रयत्न. काकूंनी भोपळा सांगितला होता, कंपाउंडरांनीही भोपळा सांगितला होता, आणि दोघांचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ असल्यामुळे बाबांनी त्यात काहीतरी अर्थ असणार असं धरलं होतं. शिवाय भोपळा स्वस्त होता.

"तुला माहितीये," ते सुरीकडे बघत म्हणाले, "तुझी आई इतकी वर्षं काउंटरमागे उभी राहिली. नंबर दुसऱ्याने काढायचा, काच दुसऱ्याने घासायची. हिने फक्त चष्मा नाकावर बसवून विचारायचं, नीट बसला का? एकदा मला म्हणाली, एकदा तरी मला विचारायचंय, आता स्पष्ट दिसतंय का. म्हणून गेली ती." त्यांनी भोपळ्याची फोड हातात घेतली आणि उगाच फिरवली. "माझ्या हातून आजवर एक पेला फुटला नाही. आणि आता हे."

"बाबा..."

"अगं, मलाही ती यायला हवीय. तुला वाटतं तेवढं मी काही पॅकिंगवर खूश नसतो." ते हसायला गेले, पण ते हसू त्या अंड्यासारखंच झालं. "पण अशी नकोय. हरून आल्यासारखी."

थोरलीला त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण सांगणार काय? बाबा, तुमच्या जेवणात काही खोट नव्हती, तुमच्या हाताच्या ज्या एका गोष्टीचा तुम्हाला अभिमान आहे तिच्यातच होती? हे ऐकायला लावण्यापेक्षा तिने त्यांच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेला भोपळा चिरला. वेडावाकडा. बाबांनी तो पुन्हा चिरला.

शुक्रवारी सकाळी बाबांनी डबा भरला, कानाशी धरला, शेवटचा पीळ दिला. दोघी बहिणी जिना उतरू लागल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थोरली थांबली.

"मुंगे, डबा दे."

"का?"

"दे म्हटलं ना."

झाकण सहज निघालं नाहीच. थोरलीने स्वेटरची बाही धरून जोर लावला, डबा भिंतीला टेकवून जोर लावला, मनातल्या मनात पॅकिंग खात्याला नाही नाही ते बोलली. आणि मधेच तिचे हात थांबले. अजून वेळ होता. डबा तसाच परत दिला असता तर उद्या सकाळी दाराच्या मागे पर्स असती. ती त्या वळणावर डबा धरून उभी राहिली, शाळेला उशीर होईस्तोवर.

"ताई, रडतेस?"

"जोर लावतेय," थोरली म्हणाली आणि झाकण फिरलं. तिने ते परत अलगद ठेवलं, मुंगीच्या बोटाने उघडेल इतपत.

संध्याकाळी डबा रिकामा आला. नुसता रिकामा नाही, चाटून पुसून. बाबांनी तो उजेडात धरला, उलटा केला, कानाशी नेऊन हलवला सुद्धा.

"सगळ्यांनी खाल्लं," मुंगीने सांगितलं. "ते म्हणाले, तुझी आई मस्त करते. मी म्हटलं, ही आई नाही, हे बाबा आहेत."

बाबांनी मान फिरवली आणि बराच वेळ ओटा पुसला. तोपर्यंत काकू दारात हजर. "मी म्हटलं नव्हतं, भोपळा!" वरून कंपाउंडर ओरडले, "भोपळा मी म्हटलं होतं!" आणि त्यांचं जिन्यातच जुंपलं.

फोन वाजला. या वेळी बाबांनी डबा पडद्याला असा चिकटवला की आईला डब्याशिवाय काही दिसेना.

"अहो, मागे घ्या जरा. खरंच? सगळा? मुंगे, खरं सांग."

"खरं! उद्या पण भोपळा."

आई हसली. मग तिने नाक ओढलं. "बरं झालं. सामान बांधून ठेवलं होतं, आता परत उघडते." थोडं थांबून ती म्हणाली, "थोरली कुठेय? दे तिला."

थोरली फोन घेऊन बाहेरच्या कठड्यापाशी गेली. आई पडद्यावरून तिच्याकडे बघत होती, चेहरा अगदी जवळ आणून.

"म्हणजे मी नसले तरी चालतं तर तुमचं," आई म्हणाली. गमतीने म्हणायला गेली, पण आवाज तिचा तिलाच आवरला नाही.

थोरलीने खाली रस्त्याकडे बघितलं, मग फोनकडे.

"चालत नाही गं," ती म्हणाली. "डबा संपतो, एवढंच."

फोन मात्र दोघींपैकी कुणीच ठेवला नाही.